घडाघडा वाचणारा मुलगा : इंदूरच्या एका वर्गातील प्रकरण

हे प्रकरण इंदूरमधील एका हिंदी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत 2022-23 या शैक्षणिक वर्षात घडले. मुलांची नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे घरचे तपशील थोडे फिरवले आहेत. माझ्या चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्या वगळल्या तर या प्रकरणात सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

पार्श्वभूमी

शाळा राजवाड्यापासून पायी जाता येईल अशा जुन्या वस्तीत आहे. मराठी मंडळींच्या एका संस्थेने ती मराठी माध्यमाची म्हणून सुरू केली होती. मराठीतून शिकणारी मुले वर्षागणिक कमी होत गेली तशी ती हिंदी माध्यमाची झाली. तरी आजही वर्गातील जवळजवळ निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलली जाते आणि उरलेल्यांच्या घरी हिंदी, माळवी किंवा निमाडी. मुले मधल्या सुट्टीत जी भाषा बोलतात ती या सगळ्यांची मिसळ असते आणि तिला शाळेत कोणी भाषा मानत नाही.

मी या शाळेत सलग सोळा वर्षे पहिलीचा वर्ग घेतला. माझी पद्धत ठरलेली होती: वर्णमाला क्रमाने, नंतर बाराखडी सुरात, त्यानंतर पुस्तकातील पाठ, ज्यात मी एक ओळ वाचायची आणि वर्गाने ती मागोमाग म्हणायची. फेब्रुवारीपर्यंत सगळा वर्ग एका आवाजात पाठ म्हणू लागे. पालकांना तो आवाज रस्त्यावरून ऐकू येई आणि 'पहिली असावी तर याच बाईंकडे' असे बोलले जाई. माझ्या नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे 'वाचन' असा एक रकाना होता आणि त्यात दोनच शेरे असत: 'वाचतो' किंवा 'सराव हवा'. हा रकाना पुढे या प्रकरणात महत्त्वाचा ठरला.

जून 2022 मध्ये चौथीच्या शिक्षिका शाळा सोडून गेल्या आणि मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चौथी माझ्याकडे दिली. वर्गात 34 मुले होती. त्यांपैकी 19 मुले 2019-20 मध्ये पहिलीत माझ्याच हाताखाली होती. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, त्यांची दुसरी आणि तिसरी बरीचशी मोबाइलच्या पडद्यावर किंवा त्याशिवायच गेली, आणि आता ती चौथीत पुन्हा माझ्यासमोर बसली होती.

प्रश्न कसा लक्षात आला

चिन्मय त्या 19 जणांतला एक. वडील कापड मार्केटात एका पेढीवर हिशेब सांभाळतात, आई घरी पिको-फॉलचे काम करते, आणि मुलगा बहुतेक वेळ आजीजवळ असतो. आजीने त्याच्याकडून मनाचे श्लोक, आरत्या आणि अथर्वशीर्ष पाठ करून घेतलेले होते. गणेशोत्सवात तो वाड्यातल्या मंडळींसमोर अथर्वशीर्ष म्हणतो आणि पेढा मिळवतो. आपल्या घरांमध्ये पाठांतराला जी शाबासकी मिळते ती त्याला भरपूर मिळालेली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने हिंदीचा पहिला पाठ एकदाही न अडखळता वाचून दाखवला. मला अभिमानच वाटला. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच पाठ वाचायला सांगितला तेव्हा त्याने पुस्तक उघडले, बोट ओळीवर ठेवले आणि तितक्याच झरझर वाचायला सुरुवात केली. मी त्याच्या मागे उभी होते. उघडलेले पान तिसऱ्या पाठाचे होते. बोट तिसऱ्या पाठाच्या ओळींवरून फिरत होते आणि तोंडातून पहिला पाठ येत होता. आठवडाभर वर्गात मोठ्याने वाचला गेलेला तो पाठ त्याला शब्दन् शब्द पाठ झाला होता.

मी त्या वेळी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एक छोटी परीक्षा केली. इंदूरच्या मुलांना कचऱ्याचे दोन डबे चालायला लागल्यापासून ठाऊक असतात: हिरवा डबा गीला कचरा, निळा डबा सूखा कचरा. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या शहरात हे शब्द भिंतींवर, गाड्यांवर, शाळेच्या फाटकावर सगळीकडे रंगवलेले आहेत. मी हिरव्या कागदावर 'सूखा' आणि निळ्या कागदावर 'गीला' असे लिहून चिन्मयपुढे धरले. हिरवा कागद पाहताच तो 'गीला' म्हणाला, निळा पाहताच 'सूखा'. मग पांढऱ्या कागदावर 'पानी' असा शब्द लिहून दाखवला. त्याने कागदाकडे क्षणभर पाहिले आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. त्याला माझ्या ओठांवरून पहिले अक्षर उचलायचे होते, हे मला त्या क्षणी कळले, आणि पहिलीतल्या सगळ्या 'मागोमाग म्हणा' च्या तासांत तो नेमके काय करत आला असेल हेही कळले.

त्यानंतरच्या दहा दिवसांत मी 34 मुलांना एकेक करून, वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसवून ऐकले. 2005 पासून होणाऱ्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत मुलांचे वाचन अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी तपासतात. त्याच धर्तीवर मी स्वतः एक पान तयार केले होते, जेणेकरून मजकूर कोणी आधी ऐकलेला नसावा. नऊ मुलांना पहिलीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही. त्या नवांपैकी चौघांना काना, वेलांटी, उकार यांतही खात्री नव्हती, आणि चिन्मय त्या चौघांत होता.

कारणांचा शोध

शिक्षकांच्या खोलीत पहिले उत्तर तयार होते: कोरोना. ते चुकीचे नव्हते, कारण दोन वर्षे या मुलांचे वाचन कोणी समोर बसून ऐकले नव्हते. पण मी त्या उत्तरावर थांबले असते तर माझी सुटका फार स्वस्तात झाली असती. मी 2019-20 ची नोंदवही काढली. नऊपैकी तीन मुले नंतर शाळेत आलेली होती. उरलेली सहा माझ्या पहिलीतली होती. त्या सहांपैकी पाच जणांपुढे माझ्या अक्षरात 'वाचतो' किंवा 'वाचते' असे लिहिलेले होते. शाळा बंद होण्यापूर्वी, फेब्रुवारी 2020 मध्ये. याउलट ज्या मुलांना पहिलीत खरोखर वाचता येऊ लागले होते त्यांचे वाचन बंदीच्या काळात मंदावले होते, पण पुसले गेले नव्हते.

मग वर्गाच्या भिंतीकडे नव्याने पाहिले. आमच्या तक्त्यावर 'ख' च्या खाली खरगोश आहे. मराठी घरातले मूल ते चित्र पाहून मनात 'ससा' म्हणते, आणि समोरचे अक्षर 'स' आहे असे धरून चालते. 'उ' खाली उल्लू आहे; घरी ते घुबड. 'ल' खाली लट्टू आहे. घरी तो भोवरा. 'म' ची मछली मासाच निघाल्यामुळे वाचते, 'ब' चा बतख बदकामुळे निभावतो. म्हणजे काही अक्षरे योगायोगाने बरोबर बसत आणि काही बसत नसत, आणि मुलाला त्यात नियम दिसत नसे. शाळेत जिला 'छोटी इ की मात्रा' म्हणतात ती आजी घरी 'पहिली वेलांटी' म्हणून शिकवत होती. शिवाय ही वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि कानांना नंतर ऐकू येते. 'दिन' हा शब्द डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचू पाहणाऱ्या मुलाला ती पहिल्याच पावलाला अडवते. बाराखडी सुरात म्हणताना यातले काहीच अडत नाही, कारण 'क का कि की' या सुरात डोळ्यांना काम नसते. चिन्मयला अख्खी बाराखडी येत होती. तिच्यातल्या 'कु' वर बोट ठेव म्हटले की येत नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय शिकवणीचा होता: पालकांना सांगून मुलांना संध्याकाळी बाहेर पाठवावे. वस्तीत शिकवण्या खूप आहेत, पण तिथे गृहपाठ पुरा करून घेतात आणि उत्तरे पाठ करून घेतात. चिन्मयला तर त्यात आधीच पैकीच्या पैकी गुण होते. दुसरा पर्याय, भाषेच्या तासाला या नऊ जणांना दुसरीच्या वर्गात बसवण्याचा, मोठ्या मॅडमनी सुचवला. कारभाराच्या दृष्टीने तो सोपा होता. परंतु नऊ-दहा वर्षांची मुले सात वर्षांच्या मुलांत रोज जाऊन बसतील आणि परत येतील तेव्हा वर्ग त्यांना काय म्हणेल, हे सांगायला नको. शिवाय दुसरीतही वाचन मागोमागच चालत होते.

तिसरा पर्याय तपासणीचा. सगळ्यांना विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी अडचण, असेल का, असा प्रश्न एका सहकारी शिक्षिकेने विचारला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या अक्षमतेचा समावेश आहे आणि वेळीच ओळख झाली तर मुलाला मोठा आधार मिळतो, म्हणून हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नव्हता. पण ज्या मुलाला नीट शिकवलेच गेलेले नाही त्याच्या न येण्याला आधी त्याचा दोष ठरवणे मला पटेना. मी क्रम असा ठरवला: आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, मग तीन महिने नीट शिकवायचे, आणि तरीही जे मूल अडेल त्याला तज्ज्ञांकडे पाठवायचे.

या क्रमाचा पहिला फायदा अनपेक्षित ठिकाणी झाला. नऊ जणांतल्या रोहितला त्याच्या वडिलांनी एमवायमध्ये, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात, नेऊन डोळे तपासले तेव्हा त्याला चांगल्याच नंबरचा चष्मा लागला. तो उंच म्हणून मीच त्याला शेवटच्या बाकावर बसवले होते.

चौथा पर्याय उरला तो वेळापत्रक मोडण्याचा: शेवटचा तास रोज वाचनाला द्यायचा, पंचवीस मुलांनी ग्रंथपेटीतली पुस्तके आणि 'चकमक' या मुलांच्या हिंदी मासिकाचे जुने अंक स्वतः वाचायचे, आणि त्या वेळी मी नऊ जणांना घेऊन बसायचे. यात नुकसान पर्यावरण या विषयाच्या दर आठवड्यातील तीन तासांचे होते. मोठ्या मॅडमचा आक्षेप रास्त होता. शिक्षण हक्क कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवीत परीक्षा घेऊन मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळालेली आहे, आणि ही मुले पुढच्या वर्षी पाचवीत जाणार होती. मी म्हटले की ज्यांना प्रश्न वाचता येत नाही त्यांना पर्यावरण शिकवून पाचवीत काय उपयोग. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली.

पालकांना काय सांगायचे

हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय होता आणि मी तो तीन आठवडे टाळला. मुलांना काही न सांगता सुधारता आले तर पालकांपर्यंत जायची गरजच काय, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरे कारण नोंदवहीतला तो रकाना होता. ऑगस्टमध्ये चिन्मयच्या आजी त्याला घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांना थांबवून सांगितले की त्याला अजून वाचता येत नाही.

"असं कसं, बाई?" त्या म्हणाल्या. "घरी तर घडाघडा वाचतो. पहिलीत तुम्हीच लिहून दिलं होतं की."

मी म्हटले, "हो आजी, मीच लिहिलं होतं. ते चुकलं माझं. तो पाठ म्हणतो, वाचत नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझंही चुकलंच. मी तर अजून चार स्तोत्रं घालणार होते." त्यांना मी एवढेच सांगितले की स्तोत्रे जरूर चालू ठेवावीत, स्मरणशक्ती ही त्याची कमाई आहे, फक्त वाचताना ती मधे येऊ नये इतकी काळजी घ्यायची. माझ्या पहिलीतल्या बाकीच्या पाच मुलांच्या पालकांशीही मी याच शब्दांत बोलले. एका वडिलांनी पहिलीच्या फीचा विषय काढला आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

कोणत्या भाषेतून सुरुवात

चिन्मयला वाचायला शिकवताना सुरुवात हिंदीतून करायची की मराठीतून, यावर आमच्यात मतभेद झाला. मोठ्या मॅडमना वाटे की शाळा हिंदी माध्यमाची आहे तर दुसरी भाषा आणून गोंधळ वाढवू नये. गंमत म्हणजे आजींचेही मत तेच होते. माझे म्हणणे असे की लिपी दोन्हीकडे एकच, देवनागरी. मुलाला जो शब्द ऐकताक्षणी कळतो त्यावर अक्षर ओळखणे सोपे जाते, आणि एकदा अक्षराची किल्ली हातात आली की तीच किल्ली हिंदीचेही कुलूप उघडते. शेवटी मध्यम मार्ग असा निघाला की आरंभ दोन्ही भाषांत जसेच्या तसे असणाऱ्या शब्दांनी करायचा.

असे शब्द शोधणे हा मला त्या वर्षातला सर्वांत आनंदाचा उद्योग वाटला. न, म, क ही तीन अक्षरे आणि काना एवढ्याच भांडवलावर नाक, कान, काका, मामा, नाना, मान, कमान इतके शब्द तयार होतात, आणि माळवी घरातल्या मुलालाही ते परके नसतात. वर्णमालेच्या क्रमाने गेलो असतो तर 'न' पर्यंत पोहोचायला काही आठवडे लागले असते.

प्रत्यक्ष काम

पहिल्या आठवड्यात तीन अक्षरे आणि काना. दुसऱ्या आठवड्यात ल, त, र आणि दुसरी वेलांटी. शब्द वाचून झाले की मी मुद्दाम निरर्थक शब्द देत असे: 'मनाका', 'तालीक'. कारण असा शब्द पाठ असण्याची शक्यताच नसते आणि चित्र, चेहरा, अंदाज यांतले काहीही मदतीला येत नाही. चिन्मय पहिल्या दिवशी चिडला. "असा शब्दच नाही मॅडम," म्हणाला. मी म्हटले, शब्द नाही, पण कागदावर काय लिहिलंय ते तर आहे. त्याने 'म' म्हटले, थांबला, 'ना' म्हटले, थांबला. एका शब्दाला त्याला अर्धा मिनिट लागला. ज्या मुलाला मी तीन वर्षे हुशार वाचक समजत होते त्याने वाचलेला तो पहिला शब्द होता, आणि तो शब्दकोशात नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून मुलांची स्वतःची वाक्ये. मूल बोलेल ते मी त्याच्यासमोर जाड पट्टीवर लिहायचे, कात्रीने शब्द वेगळे करायचे, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने ते जुळवून वाचायचे. चिन्मयचे पहिले वाक्य होते 'नाना काल रतलामला गेले'. मराठी मुलांनी मराठीतून, बाकीच्यांनी हिंदीतून. पट्ट्यांवर शब्दांची जागा मी बदलून ठेवत असे, त्यामुळे पाठांतराला वाव राहत नसे. घरी आजी त्याला मराठी मासिकातल्या दोन ओळी रोज वाचायला देऊ लागल्या. एके दिवशी त्याने येऊन विचारले की आजीच्या पुस्तकातला 'ल' आणि 'श' वेगळे का दिसतात. मराठी छपाईत या दोन अक्षरांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते, हे मला ठाऊक होते, पण मुलाच्या वाटेत तो दगड असेल हे सोळा वर्षांत कधी सुचले नव्हते.

दसऱ्यानंतर हिंदी वाक्ये सुरू केली आणि खरी मजा तिथे आली. 'बस आई' हे वाक्य वाचताना चिन्मय 'आई' पाशी थांबला. अक्षरे बरोबर वाचली होती, पण बसची आई कुठून आली हे त्याला कळेना. तो मागे गेला, पुन्हा वाचले, मग हसून "आली!" म्हणाला. त्याच आठवड्यात दुसरी एक मुलगी 'शिक्षा सबके लिए' वाचून घाबरली, कारण घरी शिक्षा म्हणजे छडी. 'है' हा शब्द पुस्तकात एक, इंदूरच्या रस्त्यावर 'हे', आणि मराठीत 'हे' म्हणजे भलतेच काही. 'ज्ञान' शाळेत 'ग्यान', घरी 'द्न्यान'. या ठिकाणी मुले अडखळू लागली, आणि मी वहीत अडखळण्याच्या जागा लिहू लागले. जुलैतल्या चिन्मयच्या वाचनात अशी एकही जागा नव्हती. वेगाने वाचणाऱ्या मुलाला आम्ही पुढचा पाठ देत होतो आणि थांबणाऱ्याला 'सराव हवा' म्हणत होतो. नोव्हेंबरपर्यंत मला दिसू लागले होते की थांबून मागे जाणारे मूलच बहुधा मजकुराशी झटत असते. अर्थात सगळेच अडखळणे असे नसते. अक्षरच न ओळखल्यामुळे थांबणे आणि अर्थ न जुळल्यामुळे थांबणे यांतला फरक शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

मध्येच झालेली चूक

नऊ जणांत पूजा नावाची मुलगी होती. कुटुंब देपालपूरकडच्या खेड्यातून मजुरीसाठी आलेले, घरी माळवी. तिने पट्टीसाठी वाक्य सांगितले ते 'म्हारो भाई' असे सुरू होत होते, आणि मी लिहिताना ते 'मेरा भाई' केले. मला वाटले, मी तिला हिंदीच शिकवते आहे. दुसऱ्या दिवशी पट्ट्या जुळवताना ती 'म्हारो' शोधत राहिली. चिन्मयची मराठी मी जशीच्या तशी लिहून घेत होते कारण ती माझीही भाषा होती; पूजाची भाषा मला अशुद्ध हिंदी वाटली. हे माझ्या लक्षात यायला पाच आठवडे लागले, तेही मी स्वतः ओळखले नाही. वर्गातल्या दुसऱ्या मुलीने सांगितले की पूजा आता बोलायलाच तयार नसते. त्यानंतर मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहू लागले आणि ती हळूहळू पुढे सरकू लागली. पण जानेवारीत वडिलांचे काम संपले आणि कुटुंब परत गेले. ते पाच आठवडे वाया गेले नसते तर तिला बाकीच्यांइतकेच वाचता आले असते, असे मला आजही वाटते.

निष्पत्ती

मार्च 2023 च्या अखेरीस मी सगळ्यांना पुन्हा नव्या, न ऐकलेल्या मजकुरावर ऐकले. नऊपैकी पाच जण दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून ती आपल्या शब्दांत सांगू शकले. चष्मा लागलेला रोहित त्यांत सर्वांत पुढे होता. दोघे पहिलीच्या पातळीचा उतारा सावकाश वाचत होते. एका मुलाला तीन महिन्यांनंतरही अक्षरांची उलटापालट होत होती, म्हणून क्रमाप्रमाणे त्याला तपासणीसाठी पाठवण्याचा सल्ला दिला. पालकांनी तो उन्हाळ्यानंतरवर ढकलला. पूजा शाळेत नव्हती.

चिन्मय पाचांत होता, परंतु त्याचा वेग मिनिटाला 38 शब्दांचा निघाला. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या अखेरीस अर्थ समजून मिनिटाला किमान 60 शब्द हे लक्ष्य ठेवले आहे, म्हणजे चौथी संपताना तो तिसरीच्या लक्ष्याच्याही मागे होता. जुलैत याच मुलाचा वेग मोजला असता तर तो शंभराच्या वर भरला असता.

पर्यावरणाचे बुडालेले तास मार्चमध्ये घाईने भरून काढले आणि ते चांगले झाले नाही. पंचवीस मुलांच्या स्वतंत्र वाचनाकडेही मी पुरेसे लक्ष दिले नाही. काही मुले चित्रेच पाहत बसली.

पुन्हा करायचे झाल्यास

जुलैमध्येच पालकांना सांगितले असते तर तीन आठवडे वाचले असते, आणि घरचे पाठांतर व शाळेचे वाचन एकमेकांच्या विरुद्ध ओढत राहिले नसते. पट्ट्यांचे काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाची घरची भाषा विचारून घेतली असती, आणि ती मला येत नसेल तर घरच्या कोणाला तरी पंधरा मिनिटे बोलावले असते. तक्ता पहिल्याच दिवशी उतरवला असता. तो मी ऑक्टोबरात उतरवला.

सर्वांत मोठा बदल मात्र चौथीत करण्यासारखा नाही, पहिलीत करण्यासारखा आहे. एका मुलाला न ऐकलेल्या चार ओळींवर एकट्याने ऐकायला तीन मिनिटे लागतात. 38 मुलांच्या वर्गाला महिन्याकाठी दोन तासांहून कमी वेळ पुरतो. सोळा वर्षांत मी तो कधी काढला नाही, कारण वर्ग एका आवाजात वाचत होता आणि तो आवाज ऐकायला छान वाटत होता. मी एप्रिलमध्ये मोठ्या मॅडमकडे पहिली परत मागितली. चौथी-पाचवीला शिक्षक नसल्यामुळे त्यांनी ती दिली नाही, पण शनिवारचे दोन तास पहिलीतल्या मुलांना एकेकटे ऐकण्यासाठी दिले. पहिलीच्या नव्या शिक्षिकांना आरंभी ही तपासणी आपल्यावरच आहे असे वाटले आणि त्यांचा राग मला समजू शकतो. मी माझी 2019-20 ची नोंदवही त्यांना वाचायला दिली, त्यानंतर त्या स्वतः ओट्यावर येऊन बसू लागल्या.

नोंदवहीत आता 'वाचतो' हा शेरा नाही. त्या जागी मुलाने कोणता न ऐकलेला मजकूर वाचला, कुठे थांबला आणि थांबून काय केले, अशा तीन गोष्टी लिहायच्या आहेत. ऑगस्टच्या पहिल्या दोन शनिवारी 38 पैकी 21 मुलांचे ऐकून झाले. उरलेल्या 17 जणांसाठी पुढचे दोन शनिवार ठेवले आहेत.